छाटणीचे दिवस आणि गाडीचा मीटर

गाडी कुठे गेली होती, हे बायकोला सांगणं वेगळं आणि आयकर खात्याला सांगणं वेगळं. बायको चेहरा बघून ओळखते, खात्याला वही लागते. माझी उणीपुरी बत्तीस वर्षं लोकांची ही वही जुळवण्यात गेली. मी करसल्लागार. माहेर रहिमतपूरचं, पहिली काही वर्षं कराडात काम केलं, मग नवऱ्याची बदली झाली तशी तासगावात पाटी लावली. ती पाटी उतरवून आता दोन वर्षं झाली. लोकांना वाटतं, ही बाई जन्मभर आकडेमोड करत बसली. आकडेमोड यंत्र करतं हो. मी जन्मभर लोकांना विचारत बसले, की बाबा, तू नक्की गेला होतास कुठे?

ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी धंदा आधी सांगते. समजा तुमची स्वतःची गाडी आहे आणि ती तुम्ही कामासाठी फिरवता. तर त्या फिरण्यापुरतं डिझेल, विमा, दुरुस्ती आणि गाडी दरवर्षी जुनी होते त्याचा घसारा, एवढं तुमच्या उत्पन्नातून वजा होतं आणि तेवढ्यावर कर लागत नाही. मेव्हण्याच्या साखरपुड्याला गेलात, ते वजा होत नाही. कायदा इतका सरळ आहे. भानगड अशी की गाडी एकच असते. सकाळी ती गिऱ्हाइकाकडे जाते आणि येताना पोरीला क्लासवरून घेऊन येते. मग आयकराचा साहेब म्हणतो, धंद्याचं किती आणि घरचं किती ते दाखवा. त्यासाठी लॉगबुक. कुठल्या दिवशी गेलात, कुठून कुठे, कशासाठी, निघताना मीटर किती होता, परतताना किती. ते नसलं तर साहेब अंदाजाने पाचवा हिस्सा खासगी म्हणून कापतो, मन भरलं नाही तर तिसरा. आणि आपल्याकडे लॉगबुक कोण ठेवतं? कुणी नाही.

म्हणून एकेकाची उत्तरं ऐकण्यासारखी असत. महाबळेश्वरचा एक हॉटेलवाला वर्षात अठरा वेळा पुण्याला 'चमचे आणायला' गेला होता. एवढे चमचे ठेवलेत कुठे, असं मी विचारलं, तर म्हणाला, गिऱ्हाइकं पळवतात. खटावकडचे एक निवृत्त सुभेदार होते, सुरक्षारक्षक पुरवण्याचा धंदा करायचे. शिस्तीचा माणूस. फौजेत गाडीची डायरी लिहायची सवय, त्यामुळे लॉगबुक कसं, तर आरसा. डिझेलच्या पावत्याही वर्षभराच्या एकूण एक जपलेल्या. पंपाची पावती त्या गुळगुळीत कागदावर येते, सहा महिन्यांत अक्षर उडतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी काय करावं? सगळ्या पावत्या साताऱ्याला नेऊन लॅमिनेट करून आणल्या. तो कागद उष्णतेने काळा पडतो. सुभेदारांनी माझ्या टेबलावर दीडशे काळ्या ठिक्कर चौकटी रांगेत मांडल्या आणि म्हणाले, "मॅडम, एकबी गहाळ न्हाई." मला हसू आवरेना आणि त्यांच्या तोंडाकडे बघून हसताही येईना. पुढे बँकेच्या उताऱ्यावरून ते काम निभावलं.

हे झालं हसण्यावारी. आता जे सांगायला जड जातं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

कराडात असताना पाटणचे एक बी-बियाण्यांचे व्यापारी माझ्याकडे यायचे. सज्जन माणूस. गाडी खरोखरच धंद्यात राबायची, पण लॉगबुकाच्या नावाने शून्य. चौकशी लागली तेव्हा मी त्यांना म्हटलं, काळजी करू नका, आपण बसून लिहू. आणि आम्ही दोन दुपारी बसून वर्षाचं लॉगबुक लिहिलं. तीन रंगांची पेनं घेतली. एका पानावर मी स्वतः चहाची बशी टेकवली, जुनं दिसावं म्हणून. कसली हुशारी वाटली होती तेव्हा. साहेबांनी वही चाळली, पावसाळ्यातलं एक पान उघडलं आणि शांतपणे विचारलं, की ह्या आठवड्यात दरड कोसळून घाट बंद होता, तर ह्यांची गाडी चिपळूणला रोज कशी काय जात होती? व्यापारी माझ्याकडे बघायला लागले. मी फरशीकडे. साहेब ओरडले नाहीत. वही मिटून एवढंच म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी कोरी वही आणा. कोऱ्या वहीवर मी निम्मा खर्च तरी धरतो."

त्यांचा सगळा खर्च गेला, वर दंड लागला. खरं फिरलेला माणूस माझ्या शहाणपणाने खोटा ठरला. ते पुन्हा माझ्याकडे आले नाहीत, आणि मला ओळखत नसल्यासारखे मंडईतून जायचे. त्यांचं बरोबरच होतं. मला अजून कधीकधी ती चहाची बशी आठवते आणि लाज वाटते.

तर ही पार्श्वभूमी. आता हणमंत सरांची गोष्ट.

तासगाव भागात द्राक्ष सल्लागार नावाचा एक प्राणी असतो. दुकान नाही, माल नाही. हा माणूस गाडीत बसून बागेबागेत जातो, पान उलटं करून बघतो, काडी चिमटीत धरून बघतो आणि शेतकऱ्याच्या वहीत लिहून देतो की उद्या काय फवारायचं, परवा काय सोडायचं. एकरामागे त्याची फी ठरलेली. हणमंत सर त्यातले. जत भागातल्या कोरडवाहू गावचे, वडील मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर असायचे. हे घरातले पहिले पदवीधर, शेतकी कॉलेजचे. त्यांच्याकडे बावन्न बागा होत्या, इकडे जत-कवठेमहांकाळपासून तिकडे साताऱ्याच्या हद्दीत मायणीपर्यंत. वर्षाला एक्केचाळीस हजार किलोमीटर. निम्मा नफा धरून हिशेबाशिवाय कर भरायची सवलत त्यांनाही होती, पण ज्याची निम्म्याहून जास्त कमाई गाडीतच जाते त्याला ती परवडत नाही. म्हणून आम्ही खर्च दाखवायचो आणि सांगलीच्या सीएंकडून ऑडिट करून घ्यायचो.

दरवर्षी मी त्यांना विचारायची, लॉगबुक आहे ना? ते म्हणायचे, "हाय की ताई, गाडीतच असतंय." मी एकूण किलोमीटर विचारायची, ते सांगायचे, खासगी किती तेही सांगायचे, आणि मी भरायची. वही उघडून मी कधी बघितलीच नाही. एकदा पोळलेल्या बाईने निदान एवढं तरी करायला हवं होतं.

मग नोटीस आली. हल्ली साहेब समोर नसतो. नोटीस संगणकावर येते, उत्तर संगणकावर जातं, आणि पलीकडे कोण बसलंय, गुवाहाटीला की मदुराईला, काही कळत नाही. गाडीचा खर्च एवढा कसा, लॉगबुक दाखवा, अशी मागणी होती. हणमंत सर वही घेऊन आले. निळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड रजिस्टर, औषधाच्या डागांनी भरलेलं. मी उघडलं आणि कपाळावर हात मारला.

एकाही ओळीला तारीख नव्हती.

ओळ अशी असायची: बागेचं नाव, पुढे 'सत्तेचाळिसावा दिवस', पुढे मीटर निघताना एवढा, पोचल्यावर एवढा. खालची ओळ दुसरी बाग, 'बारावा दिवस'. त्याखाली तिसरी, 'त्रेसष्टावा'. घरच्या फेरीपुढे नुसतं शून्य. मी म्हटलं, हे काय आहे? ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच वेडी. दिवस हाय की, म्हणाले.

द्राक्षवाल्यांचं वर्ष एक जानेवारीला सुरू होत नाही आणि पाडव्यालाही होत नाही. ते छाटणीला सुरू होतं. वर्षात छाटण्या दोन, उन्हाळ्यातली खरड छाटणी आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराची फळछाटणी. छाटणी झाली की दिवस मोजायचे. कितव्या दिवशी काडीचा डोळा फुटतो, कितव्या दिवशी फुलोरा, कधी मणी, सगळं त्या दिवसावर. बागेत दोन माणसं भेटली तर तारीख कुणी विचारत नाही, कितवा दिवस म्हणतात. आणि प्रत्येक बागेची छाटणी वेगळ्या तारखेला, म्हणजे बावन्न बागांची बावन्न पंचांगं. ती सगळी ह्या माणसाच्या डोक्यात. त्यांनी आपलं लॉगबुक त्या हिशेबात इमानेइतबारे लिहिलं होतं, एकही फेरी न चुकवता. फक्त ते वाचू शकणारा माणूस जगात एकच होता.

मी काय केलं ते लपवत नाही. मी म्हटलं, दहा दिवस हातात आहेत, नवीन रजिस्टर आणा, तारखा घालून उतरवून काढू. बशीची आठवण असून म्हटलं. भीती वाटली की माणूस जुन्या वाटेनेच पळतो.

हणमंत सरांनी रजिस्टर माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाले, "ताई, मी शेतकऱ्याला काय सांगतो? जे फवारलं तेच लिव्हायचं. न फवारलेलं लिव्हलं की परदेशातनं कंटेनर परत येतोय. आन मीच घरात बसून वही करू व्हय?"

आहे तशी वही पाठवली, सोबत एक पानभर खुलासा. पंधरा दिवसांनी आदेशाचा मसुदा आला. त्यात लिहिलं होतं की रजिस्टरला तारखा नाहीत, ते मागाहून तयार केलेलं दिसतं, विश्वास ठेवण्याजोगं नाही, म्हणून गाडीचा सगळा खर्च नामंजूर, आणि खोटी नोंद केल्याबद्दल दंड का लावू नये ते कळवा. उत्तराला सात दिवस. मी त्यांना मराठीत अर्थ सांगितला. त्यांनी मग एवढंच विचारलं, "म्हंजी मी लबाड हाय, असं लिवलंय?"

कर किती, दंड किती, ह्याची त्यांनी चौकशीसुद्धा केली नाही. त्यांची अडचण वेगळी होती. खात्याने दोन बागायतदारांना पत्र पाठवून विचारलं होतं की हा माणूस तुमच्याकडे येतो का. झालं. पारावर कुजबूज सुरू झाली की सरांनी खोट्या वह्या केल्यात. एका बागायतदाराने पुढच्या हंगामासाठी दुसरा सल्लागार बघितलाही. सल्लागार विकतो काय? शब्द. त्याच्या शब्दावर शेतकरी लाखांची औषधं मारतो. तो शब्द खोटा असं एकदा सरकारी कागदावर आलं, की मग बाग कोण दाखवणार? त्यांच्या बायकोने, शालनने, मला फोन करून विचारलं की ताई, ह्यांनी असं काय केलं हो. तिच्या आवाजातली शंका ऐकली आणि माझं डोकं फिरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी हा प्रकार मी एकदा माझ्या हाताने करून बसले होते. दुसऱ्यांदा होऊ द्यायचा नाही, असं मी त्या दिवशी ठरवलं.

रात्रभर विचार करायची गरज पडली नाही, वाट समोरच होती. वहीत दिवस होता, तारीख नव्हती. पण छाटणीची तारीख मिळाली की तारीख निघते. छाटणीची तारीख कुठे असते? शेतकऱ्याच्या फवारणीच्या वहीत, पहिल्याच पानावर. माल परदेशी जातो म्हणून ही वही ठेवावीच लागते. शिवाय सर प्रत्येक भेटीला त्याच वहीत स्वतःच्या हाताने, तिथेही नुसता कितवा दिवस घालून, लिहितात आणि सही करतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मीटर. मीटर मागे फिरत नाही. वहीतल्या ओळी मीटरच्या क्रमाने आहेत. छाटणीवरून काढलेल्या तारखाही त्याच क्रमाने चढत गेल्या, तर बावन्न वेगवेगळ्या पंचांगांचं असं जुळणं कुणाच्या बापाला घरात बसून जमणार नाही.

सर म्हणाले, ताई, त्या वह्या दोन वर्षांमागच्या. मी म्हटलं, चला तर मग, निघू या. मुदत वाढवून मागितली, आणखी चार दिवस मिळाले. गुडघ्याला पट्टा बांधून मी त्यांच्या गाडीत बसले. आयुष्यभर ज्या फिरण्याचे कागद केले ते फिरणं पहिल्यांदा अंगाने अनुभवलं. औषधाचा वास, मागच्या सीटवर कात्र्या आणि काड्यांचे भारे. तालुक्याचा रस्ता सोडला की नुसते बांध. दिवस फेब्रुवारी अखेरचे, बागांमध्ये काढणी जोरात, बायका क्रेट भरतायत, आणि आम्ही मध्येच जाऊन जुनी वही मागतोय. कुणाची वही माळ्यावर, कुणाची औषधाच्या खोक्यात. दोघांच्या उंदरांनी खाल्ल्या. एकाच्या म्हातारीने चुलीत घातली. पण आडेवेढे न घेता देणारेच जास्त निघाले. पाच दिवसांत चव्वेचाळीस वह्या मिळाल्या. पानांचे फोटो मी स्वतः काढले.

आडकाठी आली ती मायणीकडे, हौसाआक्कांच्या दारात. साठीच्या बाई, बागेचा सगळा कारभार त्यांच्या हातात, वही ट्रंकेत उशीच्या अभ्र्यात घालून ठेवलेली. आयकराचं नाव काढलं आणि त्यांनी ट्रंकेवर बसकणच मारली. आज सरांची वही बघत्यात, उद्या आमची बघतील, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं की शेतीच्या उत्पन्नाला कर नाही. त्या म्हणाल्या, आज न्हाई म्हणता, उद्याचं कुणी सांगावं. मी कायदा सांगितला, शपथा घेतल्या, चहा दोनदा झाला. सर अंगणात उभे, एक शब्द बोलले नाहीत. शेवटी आक्कांनीच त्यांना हाक मारली.

"सर, तुमी सांगा. वही दिली तर तुमचं काम हुतंय का?"

"हुतंय आक्का."

"मग आदी न्हाई का सांगायचं," असं म्हणून त्या ट्रंकेवरून उठल्या. त्यांच्या भावकीतल्या आणखी तीन बागांच्या वह्याही त्यांनीच हाका मारून आणवल्या.

घरी येऊन तक्ता मांडायला बसले. दोन दिवस नुसतं मोजणं. मीटर, बाग, कितवा दिवस, छाटणीची तारीख, निघालेली तारीख. तारखा मीटरबरोबर चढत होत्या. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. आणि एका ठिकाणी गाडं अडलं. आक्कांच्या बागेचा एकतिसावा दिवस ज्या तारखेला येत होता, त्या तारखेला मीटरप्रमाणे गाडी जतच्या बागांमध्ये होती. मध्ये शंभरावर किलोमीटर. मी पुढे बघितलं. आक्कांची प्रत्येक भेट चुकत होती. भावकीतल्या तिन्ही बागांचीही. चाळीस बागा जुळल्या आणि चार साफ चुकल्या.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात पाप आलं. वाटलं, ह्या माणसाने मलाही बनवलं की काय. पेन ठेवून दिलं. मग स्वतःवरच चिडून त्यांना फोन लावला आणि सरळ विचारलं. ते म्हणाले, आक्कांच्या बागेत मी एकतिसाव्या दिवशीच होतो, घड बघून आलो, चुकणार नाही. मी म्हटलं, आक्कांच्या वहीत छाटणी दसऱ्याची आहे, त्या हिशेबाने मीटरप्रमाणे तुम्ही तिथे गेलात तो पस्तिसावा दिवस होतो. त्यावर ते म्हणाले, "दसऱ्याला कशी छाटतील ताई? छाटणारी टोळी तर मागनं आलती. मी डोळा बघून दिवस धरतो, वहीवरनं न्हाई."

आक्कांना फोन लावला. त्यांना माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं. आवं, दसऱ्याला मुहूर्ताची छाटणी, म्हणाल्या. त्यांच्या भावकीत फळछाटणीचा मुहूर्त दसऱ्यालाच करायचा. पहिल्या ओळीतला एक वेल छाटायचा, आपट्याचं पान बांधायचं, नारळ फोडायचा आणि वहीत तारीख टाकायची. उरलेली बाग टोळी येईल तेव्हा. त्या वर्षी टोळी चार दिवसांनी आली. "वहीत बघा की, टोळीला उचल कवा दिली ती." बघितलं. त्याच पानाच्या तळाशी होतं, दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, टोळीला उचल, मुकादमाचा अंगठा. तिन्ही बागांच्या वह्यांत तसंच. मी चार दिवस पुढे सरकवले आणि चारही बागा आपापल्या जागी जाऊन बसल्या, एकही ओळ इकडे-तिकडे नाही.

सांगलीचे सीए म्हणाले, ताई, त्या चार बागा गाळा. चाळीस पुरेशा आहेत, उगीच हात दाखवून अवलक्षण कशाला? सल्ला वाईट नव्हता. पण मी गाळल्या नाहीत. वेगळ्या पानावर घेतल्या, वर लिहिलं की ह्या चार बागांच्या वह्यांतली छाटणीची तारीख आणि प्रत्यक्ष छाटणी ह्यांत चार दिवसांचा फरक आहे, आणि त्याचं कारण खाली. एका वेलाचं ते कारण इंग्रजीत लिहिताना माझ्या नाकी नऊ आले. मग व्हिडिओवर सुनावणी मागितली.

सुनावणीला पलीकडचा पडदा काळा, नुसता आवाज. पुरुषाचा, हिंदी बोलणारा, पण हिंदी त्याची स्वतःची नसावी. अर्धा तास त्याने मला तक्त्यातून फिरवलं. मध्येच एखादी ओळ उचलायचा आणि वहीचा फोटो कुठे आहे ते विचारायचा. मी पान क्रमांक सांगायची. मग तो त्या वेगळ्या पानावर आला. विचारलं, हे चार जुळत नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. दिले कशाला? नसते दिले तर मला कळलं नसतं.

मी म्हटलं, साहेब, पूर्वी मी न जुळणारं जुळवून दिलं होतं आणि एका खऱ्या माणसाचं नुकसान केलं होतं. आता जे जसं आहे तसं देते. हे बोलायचं ठरवलेलं नव्हतं, निघून गेलं तोंडातून. बत्तीस वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते एका काळ्या पडद्याला.

मग त्या आवाजाने हणमंत सरांना विचारलं, की खरंच एकच वेल छाटतात? सर शेजारीच बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, हां साहेब, एकच. आवाजाने विचारलं, आणि तुमचा दिवस कधीपासून? सर म्हणाले, बाग सगळी छाटली तेव्हापासून. एका वेलावर मी औषध कसं सांगणार? पलीकडून हसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मग तो म्हणाला, की आमच्या गावीही मुहूर्ताला मूठभरच भात पेरतात, बाकी पेरणी नंतर. एवढंच बोलला आणि सुनावणी संपल्याचं सांगितलं.

आदेश मार्चच्या अखेरीला आला. गाडीचा खर्च मान्य. खासगी म्हणून अंदाजाने पाचवा हिस्सा कापला नव्हता, सरांनी स्वतः ज्या फेऱ्यांपुढे शून्य घातलं होतं तेवढ्याच वगळल्या होत्या. दंडाचा विषय बंद. आणि एक वाक्य असं होतं, की सदर रजिस्टर हे कामाच्या ओघात ठेवलेलं खरं रजिस्टर आहे. सरांनी मला ते वाक्य तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा शालनला फोनवर ऐकवायला लावलं. मग त्या पानाची प्रत घेऊन लॅमिनेट करायला निघाले. मी घाबरून म्हटलं थांबा, आणि मग आठवलं की ही छपाई साधी आहे, काळी पडत नाही. ते पान त्यांनी गाडीच्या काचेआड लावलं. ज्या बागायतदाराने दुसरा सल्लागार बघितला होता, त्याच्या बागेवर ते पुढच्या हंगामात पुन्हा जाऊ लागले.

आदेश आला त्याच वर्षी माझ्या हातचं त्यांचं शेवटचं विवरणपत्र भरायचं होतं. ह्या वेळी मी रजिस्टर आधी मागून घेतलं आणि पान न् पान उघडून बघितलं. नोटीस आल्यापासून दिवसाशेजारी तारीखही होती, माझ्या धाकाने. फेब्रुवारीच्या पानांवर मी थांबले. वह्या गोळा करायला आम्ही फिरलो ते पाच दिवस तिथे होते, गाव आणि मीटरसकट, आणि प्रत्येक फेरीपुढे शून्य. सगळं खासगीत घातलेलं.

मी त्यांना समजावलं की हे चुकलंय. धंद्याच्या कराच्या कामासाठी फिरणं हे धंद्याचंच फिरणं, कायद्याने वजा मिळतं, मी बसवून देते. त्यांनी मान हलवली.

म्हणाले, "बागा बघाया न्हवतो गेलो, ताई. माझं नाव गोळा कराया गेलतो. त्याचं डिझेल सरकारनं कशापायी द्यायचं?"

मी शून्य तसंच ठेवलं आणि खालची बेरीज केली.